एकही ओढा न ओलांडता

आबांबरोबर डोंगराला गेलेला माणूस पहिल्याच दिवशी डोंगर चढला, असं कधी झालं नाही. माझंही झालं नाही. धुळ्याहून सकाळच्या चाळीसगाव पॅसेंजरने निघालो, पुढे एसटी, पुढे दोन कोस पायी, आणि पायथ्याच्या एका गावाबाहेर कडुनिंबाखाली आबांनी सतरंजी अंथरली. मी बूट आवळून उभा. आबा म्हणाले, बस. दुपारी कळण्याची भाकरी आणि मिरचीचा खुडा खाल्ला. पुन्हा बस. उन्हं कलली तसे ते उठले, सतरंजी झटकली आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. मी म्हटलं, आबा, डोंगर राहिला. ते वळलेसुद्धा नाहीत. "दिवसभर पाहिला ना? आता पुढच्या रविवारी चढू."

मला राग आला होता. नवे बूट घेतले होते, घरी बायकोसमोर मिरवून निघालो होतो, आणि आता अंगावर धुळीशिवाय काही न घेता परत. गाडीत आबांनी खिशातून कागद काढला. त्यावर त्याच डोंगराची तीन चित्रं होती, सकाळच्या उन्हातलं, दुपारच्या आणि संध्याकाळच्या. दुपारच्या चित्रावर त्यांनी फुली मारली होती. ऊन डोक्यावर आलं की सावल्या जातात, ते म्हणाले, मग नुसती पायरी असते तिथे कडा वाटतो आणि कडा असतो तिथे पायरी. दुपारी डोंगराकडे बघून कधी काही ठरवायचं नाही. मी मान डोलावली. पुढे वीस-पंचवीस वर्षं मी हे ऐकत आलो आणि मान डोलावत आलो.

आबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते आणि मी त्याच कार्यालयात कारकून. वयात वीसेक वर्षांचं अंतर. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना आबाच म्हणत. उंच, काटकुळे, पांढरा हाफ शर्ट, उजव्या करंगळीला कायमची लागलेली काळी शाई. गावातही ते साध्या रस्त्याने चालत नसत. पांझरेच्या काठाने बांधावरून ऑफिसला येत, बांध संपला की फुटपाथच्या कडेवरून, आणि कड नसेल तिथे रस्त्याच्या दुभाजकावरून. एकदा ट्रॅफिक हवालदाराने खाली उतरवलं तर त्याला म्हणाले, खाली पाणी साचतं. तो वैशाखाचा महिना होता. ऑफिसात त्यावर महिनाभर हसलो. साहेबांच्या केबिनमध्ये जायचं तर आबा फायलींच्या कपाटावरून जातील, असं आमचा बडा बाबू म्हणायचा, आणि आबांना ते ऐकू जाईल असं म्हणायचा.

पण त्या खुळामागे एक रेघ होती. खानदेशाच्या दक्षिणेला जी डोंगररांग आडवी पडली आहे तिच्या माथ्यावरून पाण्याची वाटणी होते. अलीकडे पडलेला थेंब गिरणेला, तिथून तापीला जातो. पलीकडे पडलेला गोदावरीला. आमच्या खात्याच्या प्रत्येक नकाशावर ही रेघ असते, तुटक तुटक, टिंब आणि डॅश. आबांनी ती उंच स्टुलावर बसून तीस वर्षं काढली होती, ट्रेसिंग कागदावर, शेकडो वेळा. एके दिवशी त्यांच्या मनात आलं की ही रेघ खरोखर आहे का ते आपण पाहिलेलंच नाही. तेव्हापासून दर रविवारी, पाऊस आणि कडक उन्हाळा सोडून, ते ती रेघ चालू लागले. तुकड्या-तुकड्याने, पश्चिमेकडून पूर्वेकडे, नांदगावच्या अंगाच्या डोंगरापासून अजिंठ्याच्या घाटापर्यंत.

नियम एकच होता. चालताना एकही ओढा ओलांडायचा नाही. ओढा लागला याचा अर्थ आपण रेघ सोडली. वाचायला हे सोपं वाटतं. पण डोंगराची धार सरळ जात नाही, ती फुटते. एक सोंड डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही सारख्याच रुंद, सारख्याच उंच. त्यातली खरी कोणती आणि नुसतीच खाली उतरून शेतात संपणारी कोणती, हे तिथे उभं राहून कळत नाही. अशा ठिकाणी आबा तासन्‌तास काढत. दोन्हीकडे थोडं थोडं जाऊन येत, मातीचा उतार हाताने बघत, बाटलीतलं पाणी ओतून ते कुठे जातं ते बघत. आणि गुराखी भेटला की त्याला वाट कधीच विचारत नसत. वाट विचारली की माणूस आपल्या गावाची वाट सांगतो, असं त्यांचं म्हणणं. ते विचारत, "बकऱ्या दुपारले कोठे बसतस?" दुपारी बकऱ्या वाऱ्याला जाऊन बसतात, आणि दोन्हीकडचा वारा मिळतो तो खरा माथा. गुराखी आधी हसायचे, मग हात करायचे, आणि तो हात बहुतेक वेळा बरोबर असायचा.

दिवस संपेल तिथल्या दगडावर आबा तळहात टेकवत. पुढच्या रविवारी त्याच दगडावर हात टेकवून सुरुवात. एकदा आम्ही वेगळ्या खिंडीने वर गेलो, दगड सापडला असं वाटलं, चाललो, आणि घरी आल्यावर आबांच्या लक्षात आलं की तो दगड तो नव्हता. मधे दोनशे पावलं राहून गेली होती. मी म्हटलं, आबा, दोनशे पावलांनी काय होतंय. त्यांनी माझ्याशी बुधवारपर्यंत बोलणं टाकलं. पुढच्या रविवारी पहाटे उठून, गाडी, एसटी, चढण असा सगळा खटाटोप करून आम्ही ती दोनशे पावलं चाललो आणि परत आलो. अंधार पडता पडता धुळ्याला पोहोचलो. स्टेशनबाहेर त्यांनी मला चहा पाजला. त्या दिवशी मी त्यांना जितकं प्रसन्न पाहिलं तितकं नंतर त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नाही.

अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, अमळनेरकडच्या शेतकरी घरातल्या. रविवारी आबा पिशवी घेऊन निघाले की शेजारणींना सांगायच्या, चालले सासरी. त्या स्वतः आयुष्यात एकही डोंगर चढल्या नाहीत. पण भाकरी त्याच बांधून द्यायच्या, आणि माझ्या वाटच्या दोन जास्त.

आबांना राग फार लवकर यायचा. ज्याला डोंगराची हौस आहे असा कुणी तरुण भेटला आणि इंटरनेटवर वाचलेलं सांगू लागला की आबा त्याला पूर्ण बोलू द्यायचे आणि शेवटी घरच्या बोलीत एकच विचारायचे, "चालीसन उना का?" चालून आलास का. नाही म्हटलं की विषय संपला. हो म्हटलं की मात्र ते त्याचा शब्द न् शब्द लिहून घेत, शाळेतल्या मुलासारखे. ज्याने सगळा जन्म नकाशे काढले त्या माणसाचा नकाशावर काडीचा विश्वास नव्हता, आणि चालून आलेल्या माणसावर पूर्ण होता. माझ्या मुलीने एकदा मोबाईलवर उपग्रहाचं चित्र काढून आमची अख्खी डोंगररांग त्यांना दाखवली. त्यांनी कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, छान आहे पोरी, पण वरून बघितलं की खड्डा आणि उंचवटा सारखेच दिसतात. त्यावर ती चिडली होती. आता वाटतं की तिने ते चित्र अजून थोडा वेळ समोर धरायला हवं होतं.

वर्षं गेली. ऑफिसात कॉम्प्युटर आला, स्टुलं गेली, आबा निवृत्त झाले. रेघ मात्र जुळत गेली आणि शेवटी एकच तुकडा उरला, चाळीसगाव आणि पाचोऱ्याच्या मधल्या भागात, दोन खिंडींच्या दरम्यान. फार तर पाच-सहा मैल. आम्ही तिथे एकदा गेलो होतो तेव्हा आग्या मोहोळ उठलेलं होतं म्हणून मागे फिरलो आणि पुढचे तुकडे आधी उरकले. मग लॉकडाऊन आला. मग आबांना धाप लागायला लागली. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. दोन जिने चढले की त्यांचे ओठ निळसर पडायचे.

त्या फाल्गुनात त्यांनी मला घरी बोलावलं. अक्कांनी चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. आबांनी सगळं आधीच ठरवलेलं होतं. पहिल्या खिंडीपर्यंत कच्चा रस्ता आहे, तिथवर जीपने जायचं. पुढे धार जर सलग असेल, फार चढउतार नसतील, तर ते दोन दिवसांत, बसत बसत, चालून जातील. वर एखाद्या झोपडीत राहतील. पण धार मधे तुटलेली असेल, उतरून पुन्हा चढावं लागणार असेल, तर त्यांच्याच्याने ते होणार नाही, मग तो विषय सोडून द्यायचा. तेवढं मी जाऊन बघून यावं. आणि ते म्हणाले, "तू सांगशील ते मी धरीन. दुसऱ्या कुणाला विचारणार नाही."

मी गेलो. हे खरं आहे की मी गेलो. पण त्याच रविवारी संध्याकाळी अमळनेरला माझ्या मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा होता आणि बायकोने सकाळी तीनदा आठवण करून दिली होती. आबा म्हणाले होते, पहाटेच्या गाडीने जा. मी दहाच्या एसटीने गेलो. पायथ्याच्या गावात पोहोचलो तेव्हा बारा वाजले होते. ऊन असं होतं की टपरीवाल्याने मी वर जाणार म्हटल्यावर माझ्याकडे नीट वळून पाहिलं. मी चहा घेतला आणि टपरीच्या सावलीतून वर पाहिलं. धारेला मधे एक मोठी खाच दिसत होती, सुरीने कापल्यासारखी. मी अर्धा तास ती खाच बघत बसलो. दुपारी काही ठरवायचं नाही हे मला माहीत होतं, कुणी सांगितलं होतं तेही माहीत होतं. तरी मी ठरवलं. तीनच्या एसटीने अमळनेरला गेलो, कपडे बदलले आणि पंगतीला बसलो.

मला फसवायचं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. मनात भीतीही होती. निळ्या ओठांच्या माणसाला डोंगरावर न्यायचं, तिथे काही झालं तर अक्कांना तोंड कसं दाखवायचं, ते नको, त्यांच्या भल्यासाठीच नको. हे सगळं खरं होतं. पण खरं सांगायचं तर आधी मी आळस केला आणि भीती नंतर शोधून काढली.

सोमवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. आबा खुर्चीत बसून होते, मांडीवर वही. मी म्हणालो, धार तुटते आबा. मधे मोठी खाच आहे, खूप खाली उतरून पुन्हा तेवढंच चढावं लागतं. त्यांनी मला एकच विचारलं, नेहमीचंच, पण या वेळी त्यात दरडावणी नव्हती. "चालीसन उना ना भाऊ?"

मी हो म्हटलं.

त्यांनी वही मिटली. बकऱ्यांचं विचारलं नाही, उताराचं विचारलं नाही, मातीचं विचारलं नाही. मला वाटलं होतं खोदून खोदून विचारतील आणि मी कुठेतरी अडखळेन, आणि कदाचित मला तेच हवं होतं. पण ते म्हणाले, बरं झालं तू जाऊन आलास, उन्हाचा त्रास झाला असेल. आणि अक्कांना हाक मारून त्यांनी माझ्यासाठी सरबत करायला सांगितलं.

त्यानंतर डोंगराचा विषय त्यांच्या घरात निघाला नाही. मी जायचो तेव्हा ते माझ्या मुलीच्या नोकरीचं विचारत, पेन्शनच्या कागदांचं बोलत, जे ते आधी कधी बोलले नव्हते. मला वाटायचं, चला, मन रमलं. श्रावणात एका सकाळी ते गेले. मी खांदा दिला. पांझरेच्या काठी लोक हळू आवाजात बोलत होते की माणूस मोठा हौशी होता.

मार्गशीर्षात मी त्या तुकड्यावर गेलो. या वेळी पहाटेच्या गाडीने. पहिल्या खिंडीत जीपवाल्याने सोडलं तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं आणि धार समोर स्पष्ट दिसत होती. मी चालायला लागलो. ती धार म्हणावी अशी धार नव्हतीच. बैलगाडी जाईल इतकी रुंद पाठ होती, दोन्ही बाजूंना कापलेल्या ज्वारीची शेतं, मधून पायवाट. खालून जी खाच दिसली होती तिथे मी पोहोचलो आणि आधी मला कळलंच नाही की हीच ती. कड्याचा एक तुकडा धारेपासून सुटून पुढे गेला होता, त्याची ती फट होती. रेघ त्याच्या मागून जात होती, सरळ, गुडघाभर उंचीच्या दोन पायऱ्या उतरून. पलीकडून तांड्यावरची एक म्हातारी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन येत होती. ती दोन्ही पायऱ्या मोळी न सावरता चढली आणि तिने मला विचारलं, कोणाकडे निघालास. मी म्हटलं कोणाकडे नाही. तिला ते पटलं नसावं. म्हणाली, या वाटेने आम्ही बाजाराला जातो, लेकुरवाळ्या बाया जातात, तुला कुठे जायचं ते सांग, मी वाट दाखवते.

ती गेल्यावर मी त्या पायरीवर बसलो आणि रडलो. साठीला आलेला माणूस, कुणी बघितलं असतं तर चोरी झाली असं वाटलं असतं. मग उठून दुसऱ्या खिंडीपर्यंत चाललो. एकही ओढा लागला नाही. साडेतीन तासांत संपलं. वाटेत सावलीला चार मोठी आंब्याची झाडं होती आणि एका शेतात विहीर होती, पायऱ्यांची, पाणी हाताला येईल अशी. जणू कुणी त्यांच्यासाठीच बसायच्या जागा ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांकडे गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. कुणाला तरी सांगायचं होतं आणि ज्यांना सांगायचं ते नव्हते. अक्कांनी चहा दिला आणि समोर बसल्या. मी धारेचं सगळं सांगितलं, रुंदी, शेतं, विहीर, आंबे. त्यांना डोंगराचं काही कळत नव्हतं, पण त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्हीन तं सांगेल व्हतं, धार तुटेल शे."

मग मी साखरपुड्याचं सांगितलं. टपरीचं सांगितलं. वर गेलोच नव्हतो, हे सांगितलं. अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि विचारलं,

"त्यासले जमनं असतं का भाऊ?"

मला खोटं बोलता आलं असतं. एक शब्द पुरला असता आणि त्यांची रात्र बरी गेली असती. पण मी म्हटलं, जमलं असतं अक्का. बसत बसत, आरामात जमलं असतं.

अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त जिन्याकडे पाहिलं आणि मला कधीच माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. "दिवाळीपासून रोज सकायले गच्चीवर चालेत ते. पहिले दोन फेऱ्यास्मा बशी जायेत. मंग दहा व्हयन्यात, मंग वीस. माले सांगेत, पाच मैल व्हतीन आते. तुम्ही सोमवारले सांगी ग्यात, आन दुसरा दिवसपासून ते वर ग्यातच नहीत."

चहा गार झाला होता. अक्का उठल्या आणि दुसरा टाकते म्हणाल्या. मला नको म्हणून उठून जायचं होतं, पण मी तिथेच बसून राहिलो.